अतिथीची वेळ

गेल्या आषाढी एकादशीच्या संध्याकाळी, कोथरूडमधील आमच्या पाचव्या मजल्यावरील घराच्या बंद दाराबाहेर, वीज गेल्यामुळे घंटा वाजत नाही आणि परक्या इमारतीत मोठ्याने हाक मारण्याचा धीर होत नाही अशा अवस्थेत, एक तरुण मुलगा माझ्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी हाती धरून सुमारे वीस मिनिटे उभा होता; आणि दाराच्या आत मी, वाचनात व्यत्यय नको म्हणून मोबाईलचा आवाज बंद करून, बॅटरीच्या दिव्याच्या उजेडात कठोपनिषद उघडून बसलो होतो. घरात त्या दिवशी मी एकटाच होतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर चार ठिकाणी बोट टेकविले की नारायण पेठेतले अन्न कोथरूडला येऊन पोहोचते या सोयीची, माझ्या वयाच्या पुष्कळांप्रमाणे, मलाही अलीकडे पुरती सवय झाली आहे. दार उघडले तेही त्याच्यासाठी नव्हे. शेजाऱ्यांकडे वीज आली आहे काय, हे पाहण्यासाठी मी जिन्यात डोकावलो, तेव्हा तो दिसला.

तो भिंतीला टेकून उभा होता. अंगावरच्या रेनकोटाचे पाणी फरशीवर ठिबकत होते, पिशवी मात्र त्याने छातीशी धरून कोरडी ठेवली होती. “काका, फोन बऱ्याचदा लावला. भिडे पूल पाण्याखाली गेलाय, म्हात्रे पुलावरून वळसा घालून यावं लागलं,” असे त्याने, सगळा उशीर जणू त्याच्याच पदरी पडावयाचा होता अशा स्वरात सांगितले; आणि पिशवी माझ्या हाती दिल्यावर जिन्याकडे वळता वळता, थोडे घुटमळून विचारले, “घोटभर पाणी मिळेल का?”

ज्या पानावर खूण घालून मी उठलो होतो त्या पानावर हीच गोष्ट होती. वाजश्रवसाचा मुलगा नचिकेता यमाच्या घरी जातो, यम घरी नसतो, आणि तो बालक तीन रात्री अन्नावाचून तेथे काढतो. यम परत येताच त्याला जे सांगण्यात येते ते असे, की अतिथी हा अग्नीच्या रूपाने घरात प्रवेश करीत असतो आणि त्याची शांती करावी लागते, तेव्हा आधी पाणी आण. मग प्रत्यक्ष मृत्युदेवता त्या मुलाला नमस्कार करते, आणि उपाशी काढलेल्या एकेका रात्रीबद्दल एकेक असे तीन वर देऊ करते. त्यांपैकी तिसऱ्या वराने मागितलेल्या आत्मज्ञानावर भाष्ये आणि टीका यांचे डोंगर रचले गेले, व ते योग्यच झाले. परंतु ते वर मुळात का द्यावे लागले, हे कथेच्या चौकटीचा भाग म्हणून आपण ओलांडून जातो. चाळीस वर्षे मीही ते ओलांडीत आलो होतो. आत्म्याच्या अमरत्वाचा तो सारा संवाद, दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवल्याच्या प्रायश्चित्तातून जन्मला आहे, हे त्या संध्याकाळी ओल्या फरशीकडे पाहताना मला प्रथम कळले.

पाणी पीत असता मी त्याची विचारपूस केली. तो मराठवाड्यातला होता. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून दोन वर्षे राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करीत होता. घरून येणारे पैसे खोलीभाड्यातच संपत असल्यामुळे मेसचे पैसे भरता यावेत एवढ्यासाठी संध्याकाळी पाच तास हे काम करीत होता. सदाशिव पेठ आणि मेस हे दोन शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे माझे आजोबा उभे राहिले. ते रत्नागिरी जिल्ह्यातून बारा वर्षांच्या वयात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकावयास पुण्यास आले आणि सदाशिव व शनिवार पेठेतल्या घरी वार लावून जेवले. सोमवारचे घर वैद्यांचे, मंगळवारचे एका विधवा आत्याबाईंचे, असे सहा वार त्यांना मिळाले होते. शनिवारचा वार मिळाला नाही, म्हणून शनिवारी ते मारुतीचा उपवास करीत. शाळा संपेपर्यंत हा शिरस्ता चालला आणि पुढे नोकरी लागल्यावर शनिवारचा उपवास त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. त्या काळी पुण्यातली कितीतरी मुले अशीच शिकली. अशा गरीब विद्यार्थ्यांसाठीच १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, निघाले आणि १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली. शिकणाऱ्या मुलाचे पोट ही शहराची जबाबदारी आहे, ही जाणीव या गावात बरीच जुनी आहे.

शंभर वर्षांपूर्वी शिकणारा मुलगा पुण्यातल्या घरांच्या दाराशी अन्न घेण्यासाठी येत होता. आज तसाच शिकणारा मुलगा, त्याच पेठेतून निघून, अन्न देण्यासाठी दाराशी येतो आहे. माझ्या आजोबांना दारात पाहून आत्याबाईंना आपण पुण्य जोडतो आहोत असे वाटत असेल. या मुलाला दारात पाहून मला खिचडी आली एवढेच वाटावे, असा काळाने कोणता फरक केला, हा प्रश्न मला त्या रात्री जेवू देईना. उपवासाच्या दिवशी तो प्रश्न पडला, हे एका परीने बरेच झाले.

न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या एका जुन्या स्नेह्यास मी हे सांगितले, तेव्हा त्याने प्रेमाने माझी समजूत घातली: “अरे, तू अन्नाची किंमत दिलीस, पोहोचविण्याचा आकार दिलास, करार पुरा झाला, यात ऋण कसले?” हा आक्षेप वरवरचा नाही. वार लावून जेवणारा मुलगा उपकाराखाली वाकलेला असे, कोणाच्या घरी पानात काय पडले यावरून त्याला आपली पायरी समजत असे, आणि आजोबांच्या बोलण्यात आत्याबाईंविषयी जितकी कृतज्ञता होती तितकेच दुसऱ्या एका घराविषयी न बोललेले दुःख होते. कराराने माणसास या दडपणातून सोडविले. आजचा मुलगा माझ्या दयेवर नाही, स्वतःच्या कमाईवर आहे, ही प्रगती आहे, आणि तिला मी कमी लेखणार नाही.

तथापि देणे आणि ऋण या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो, त्यास कारण आहे. देणे हे अमुक रकमेचे, अमुक मुदतीचे असते. ते फेडले की दस्तऐवज फाडून टाकता येतो. ऋण हे माणूस जन्मतःच घेऊन येतो. देवांचे, ऋषींचे व पितरांचे अशी तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे, आणि त्याची फेड माणसांना वसती देऊन व अन्न देऊन होते असे तेथे म्हटले आहे. हे चौथे ऋण लोकांच्या बोलण्यातून का गळून गेले असावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. पहिल्या तिघांचे धनको अदृश्य आहेत. चौथ्याचा धनको दारात उभा राहतो, पाणी मागतो, आणि आपल्याला त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

मग हा मुलगा अतिथी म्हणावयाचा काय? ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपण शाळेपासून ऐकतो. ती खरी धरली तर याच्याइतका अतिथीपणास अपात्र दुसरा कोणी नाही. कारण तिथीच काय, तो किती मिनिटांनी येईल हेदेखील मोबाईल मला सांगत असतो. पण यास्काचार्यांनी निरुक्तात हा शब्द निराळ्या रीतीने सोडविला आहे. सतत जाणे, फिरणे या अर्थाच्या अत् धातूपासून तो आला, आणि घरांकडे चालून आलेला तो अतिथी, असा अर्थ त्यांनी प्रथम दिला. त्याला पर्याय म्हणून जे सांगितले ते तर तिथींच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी येणारा, असे आहे. या दृष्टीने पाहिले तर दिवसाकाठी वीस-पंचवीस उंबरे चढणारा हा मुलगा शब्दाच्या मूळ अर्थाला आपल्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक जवळ आहे.

आणि व्युत्पत्ती बाजूस ठेवली तरी पुण्याचा लोकाचार याच बाजूचा आहे. ज्येष्ठ वद्य पक्षात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामास येते, ती काही अकस्मात येत नाही. तिची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. म्हणून त्या दोन दिवसांत वारकऱ्याला कोणी अतिथी मानले नाही, असे कधी घडले आहे काय? पुणेकर पिठले-भाकरी घेऊन रस्त्यावर उभे राहतात, त्यांचे पाय चेपतात, त्यांच्या फाटलेल्या वहाणा शिवून देतात. यंदाही नाना पेठेत आम्ही चार मित्रांनी मिळून चहा दिला, आणि सातारा-सोलापूरकडच्या, माझ्याहून लहान असलेल्या वारकऱ्यांच्या पायांवर मी डोके ठेवले. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, ज्या दिवशी तेच वारकरी पंढरपुरी एकादशी करीत होते त्या दिवशी, भिजत आलेला एक चालता माणूस माझ्या दाराबाहेर ताटकळला. दोघांच्याही पायांना तोच चिखल होता. एकाच्या पायांवर मी डोके ठेवले आणि दुसऱ्याच्या चिखलाकडे फरशी खराब झाली म्हणून पाहिले. हे लिहिताना मला लाज वाटते.

हा दोष केवळ माझ्या मनाचा म्हणून मी सोडून दिला असता. परंतु ज्या यंत्राने आमची भेट घडविली त्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. खिचडी निघाली की पडद्यावर शहराचा नकाशा उमटतो आणि त्यावर एक इवलीशी स्कूटर लक्ष्मी रस्त्यावरून, नदी ओलांडून, कर्वे रस्त्याने सरकू लागते. आपल्या देवांच्या चित्रांत वाहन कधी एकटे काढीत नाहीत. उंदराबरोबर गणपती असतो, मोराबरोबर कार्तिकेय असतो. येथे वाहन दिसते आणि आरूढ माणूस दिसत नाही. पाऊस नकाशावर पडत नाही, पाण्याखाली गेलेला पूल नकाशावर ओला होत नाही, आणि तहान तर कोणत्याच नकाशावर दाखविता येत नाही. वीस मिनिटे मी तो पडदा पाहिला असता तरी ती स्कूटर माझ्या इमारतीपाशी स्थिर झालेली एवढेच मला दिसले असते.

सर्वच उपकरणांचा हा धर्म आहे असे मी म्हणत नाही. आमच्या घरात मिक्सर आला तेव्हा माझ्या आईचे हात सुटले, आणि पाटा-वरवंट्याविषयी हळहळणाऱ्या पुरुषांपैकी कोणी तो वरवंटा ओढला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण जात्याविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या ओव्यांत माहेर येते, भाऊ येतो, शेजारीण येते, विठोबा येतो, आणि ओढताना भरून येणारे हातही येतात. दळण कष्टाचे होते, आणि त्या कष्टाला तोंड होते. पिठाबरोबर ते घरातल्या सर्वांच्या कानी पडत होते. कष्ट कमी करणारे यंत्र मला नेहमी वंद्य वाटते. कष्ट तेवढेच ठेवून त्यांचे तोंड मात्र झाकणारे यंत्र, हा निराळा प्रकार आहे, आणि या दोहोंना आपण सोय या एकाच नावाने ओळखतो ही आपली मोठी गफलत आहे. खंडेनवमीला व दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. अलीकडे पाट्यापुस्तकांच्या शेजारी संगणक आणि मोबाईलही ठेवतो, त्यांना झेंडूचे फूल वाहतो. ही पूजा मला मनापासून आवडते, कारण जड वस्तूच्या ठिकाणीही उपकार पाहण्याची ती सवय आहे. मात्र मोबाईलला फूल वाहणाऱ्याने त्याच्या पलीकडच्या हाताचे नावही विचारले नाही, तर ही पूजा अर्धीच राहिली.

टिळक रस्त्यावरच्या बादशाही या खाणावळीत जेवावयास जाणाऱ्याला आधी आपले नाव यादीत लिहून बाहेर थांबावे लागते. तरुणपणी मला त्या थांबण्याचा त्रास होई; आता त्याचा अर्थ वेगळा वाटू लागला आहे. तेथे भुकेलेला माणूस अन्नाची वाट पाहतो, त्यामुळे पान पुढे आले की हात आपोआप क्षणभर थबकतो. आणि वाढणारा पोळी घेऊन तुमच्यासमोर उभा असल्यामुळे ‘पुरे’ हा शब्दही त्याच्या तोंडाकडे पाहूनच उच्चारावा लागतो. घरपोच व्यवस्थेत हे सगळे उलटले: अन्न आणणारा वाट पाहतो आणि खाणारा ज्या वेळी सवड होईल त्या वेळी दार उघडतो. शिवाय जेवण संपते न संपते तोच त्या अन्नाला आणि ते आणणाऱ्याला किती तारे द्याल, असा तगादा पडद्यावर येतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत, अन्न हे ब्रह्म होय या बोधापासून भृगूची वाटचाल सुरू होते आणि आनंदापर्यंत जाते. पण आनंदापर्यंत पोहोचल्यावर पुन्हा खाली येऊन जे व्रत सांगितले आहे ते अन्नाची निंदा करू नये, आणि वसतीसाठी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, असे आहे. इतक्या उंचीवर गेलेल्या ऋषीला हे घरगुती नियम सांगावेसे वाटले, यातच त्यांचे मोल दिसते. अन्न बेचव झाले तर खाणावळवाल्यास तसे सांगावे, त्यात निंदा नाही; पण ज्याचे नाव विचारले नाही, ज्याला बसावयास सांगितले नाही, त्याच्यावर एका बोटाने निकाल द्यावा आणि त्या निकालावर त्याची उद्याची चाकरी ठरावी, हा अधिकार मला कोणत्या धर्माने दिला?

आता पाण्याविषयी. या शहरात कोणी कोणाला पाणी द्यावे हा प्रश्न साधा कधीच नव्हता. नचिकेता ब्राह्मण होता म्हणून यमाला त्याची धास्ती वाटली. माझ्या आजोबांनाही सहा घरे मिळाली ती त्यांच्या जातीमुळे, आणि त्याच पेठांत तहानलेल्या इतर मुलांना विहिरीपाशी येऊ देत नसत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा या नगरीतला अतिथिधर्म प्रथमच पूर्णपणे पाळला गेला असे मी मानतो. त्या मुलाने माझ्याकडे पाणी मागितले, मी त्याला दिले, आणि दोघांनाही एकमेकांची जात ठाऊक नव्हती. एवढी साधी गोष्ट साधी होण्यासाठी किती माणसांनी किती सोसले, हे विसरून केवळ जुन्या अतिथिधर्माचे गोडवे गाणे हा अन्याय होईल.

पाण्याचा पेला देऊन माझे कर्तव्य संपले काय, हा प्रश्न उरतोच. मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. काम्य कर्म केले तर फळ, न केले तर दोष नाही. नित्य कर्म मात्र न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, आणि मनुष्ययज्ञाची, म्हणजे अतिथिसेवेची, गणना पंचमहायज्ञांत, म्हणजे रोजच्या न चुकणाऱ्या कर्मांत केलेली आहे. खुशीने हातावर ठेवलेले वीस-पन्नास रुपये हे काम्य कर्म झाले; मला वाटले तर दिले, न वाटले तर नाही. समाजाच्या संसारात नित्य कर्माचे स्थान कायद्याला आहे, कारण माझी लहर त्यात चालत नाही. हे आपल्या राज्यास नवीन नाही. ज्याला कायमचा एक धनी नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, अशा पाठीवर ओझे वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि त्याने मालकांची व हमालांची नोंद करून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार यांची व्यवस्था मंडळाच्या हाती दिली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली कष्टाची भाकर सुरू केली, ती कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावे म्हणून. हमालाने आपल्याच संस्थेच्या पानावर सन्मानाने बसून जेवावे, याहून मोठा मनुष्ययज्ञ माझ्या पाहण्यात नाही. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मोबाईलवरून मिळणाऱ्या या नव्या चाकरीची व्याख्या आली, आणि राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांच्या नोंदणीचा व प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क घेण्याचा कायदा केला. माथाडींचा कायदा ज्या महाराष्ट्राने केला त्याने या कामी मागे राहू नये, असे मला कळकळीने वाटते. आणि ते शुल्क माझ्या खिचडीच्या हिशेबात चढले, तर ते मी नैवेद्याप्रमाणे समजून देईन.

त्या एकादशीपासून मी दाराशी, चपलांच्या मांडणीवर, पाण्याचा तांब्या आणि पेला झाकून ठेवतो, आणि कोणी येणार असेल त्या वेळी मोबाईलचा आवाज बंद करीत नाही. पाच-सहा जण पाणी पिऊन गेले. एकाने नाव सांगितले, दुसऱ्याने माझे विचारले. परवा भर दुपारी एक मुलगा आला, कपाळावरचा घाम बाहीने टिपीत. मी पेला भरू लागलो, तसा त्याने हातातल्या मोबाईलकडे पाहिले. “नको काका, पुढची ऑर्डर लागली,” असे म्हणून तो दोन-दोन पायऱ्या टाकीत उतरला, आणि भरलेला पेला हातात घेऊन मी जिन्याच्या कठड्याशी उभा राहिलो.